शिदबानं आबांचं मृत्युपत्र सांभाळलं

बोरखणी गावात शहाणी माणसं बक्कळ होती. जिकडं वळावं तिकडं एक शहाणा भेटायचा. भोळा माणूस मात्र अख्ख्या गावात एकच होता. त्याचं नाव शिदबा.

शिदबा हा केरबा आबांचा धाकटा मुलगा. वय अठ्ठेचाळीस. अंगानं दणकट, दिवसभर पानमळ्यात राबणारा. सांगितलं ते करायचा. यात भोळेपणा कसला, असं कुणी विचारेल. तर सांगितलं तसंच करायचा, अक्षराला अक्षर लावून करायचा. एकदा त्याला मुलगी बघायला नेलं होतं. मुलीचे वडील म्हणाले, “मुलगी नीट बघून घ्या.” शिदबा दीड तास बघत बसला. पापणी लवू दिली नाही. शेवटी मुलगी रडत आत गेली आणि शिदबाचं लग्न राहिलं ते राहिलंच.

त्याचा आणखी एक गुण होता. झालेली चूक दाखवून दिली की ती तो पुन्हा करायचा नाही. नवी करायचा.

आबांचं वय चौऱ्याऐंशी. एक दिवस मळ्याच्या बांधावर त्यांना घेरी आली. डोकं धरून बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, आपल्यामागं या शिदबाचं काय होणार? थोरला हिंदुराव सरकारी खात्यातून साहेब होऊन निवृत्त झालेला, शहरात राहणारा. लेक हौसाक्का तालुक्याला दिलेली. दोघंही हुशार. इतकी हुशार, की शिदबाला पंधरा दिवसांत घराबाहेर काढतील आणि तो आपल्या पायानंच निघून गेला असं वर चार लोकांना सांगतील.

आबांनी तालुक्याहून इंगवले वकिलांना बोलावलं. वकील म्हणाले, “मृत्युपत्र करू. पण सगळ्या पिढ्या समोर बसवून करू. नंतर कुणी म्हणायला नको, आम्हाला ठाऊक नव्हतं.”

आबांनी शिदबाला सांगितलं, “येत्या रविवारी आपल्या घराण्यातल्या सगळ्या पिढ्या सोप्यात बसलेल्या दिसल्या पाहिजेत.”

शिदबानं मान डोलावली. ध्यानात ठेवलं.

रविवारी वकील आले. सोप्यात आठ खुर्च्या मांडल्या होत्या. खुर्च्यांवर भिंतीवरचे फोटो बसवले होते. खापरपणजोबा, पणजोबा, पणजी, आजोबा, दोन चुलत आजोबा, आई आणि एक पैलवान, जो नेमका कुणाचा कोण हे आबांनाही माहीत नव्हतं. प्रत्येकासमोर चहाची कपबशी होती.

“हे काय रे?” आबा म्हणाले. “हिंदुराव कुठाय? हौसा कुठाय?”

“वरच्या पिढीपासून सुरुवात केली,” शिदबा म्हणाला. “खालच्यांपर्यंत पोचेस्तोवर खुर्च्या संपल्या.”

वकिलांनी सगळ्या फोटोंवरून नजर फिरवली. “वाटणीसाठी जमलेलं इतकं शांत कुटुंब मी उभ्या वकिलीत पाहिलं नाही,” ते म्हणाले आणि पैलवानासमोरचा चहा घेऊन प्याले.

आबा कडाडले. “अरे, मेलेल्यांचा इथं काय उपयोग? इथून पुढं जे आणशील ते जिवंत आण!”

शिदबानं मान डोलावली. ध्यानात ठेवलं.

वकील निघताना म्हणाले, “पुढच्या खेपेला जमिनीचा उतारा तेवढा आणून ठेवा.”

सोमवारी शिदबा तलाठ्याकडं गेला. तलाठ्यानं सातबाऱ्याचा उतारा काढून हातात दिला. शिदबानं तो कानाशी धरला. मग त्याच्याखाली तळहात धरून श्वास लागतो का बघितलं.

“हा नको,” तो म्हणाला. “हा जिवंत नाही.”

“आत्ता काढलाय की! अजून गरम आहे,” तलाठी म्हणाला.

“गरम आहे, पण हलत नाही. हलणारा दाखवा.”

मागं रांग लागली होती. तलाठी वैतागून म्हणाला, “हलणारा उतारा पाहिजे असेल तर ओढ्याकाठी देवऋष्याकडं जा.”

शिदबानं त्याचे आभार मानले आणि ओढ्याकाठी गेला. देवऋष्याकडं उताऱ्यांची कमी नव्हती. लिंबू, नारळ, हळदीकुंकवाचा भात आणि वर एक काळा कोंबडा, असा भरगच्च उतारा त्यानं बांधून दिला. “जिवंत आहे ना?” शिदबानं विचारलं. कोंबड्यानं त्याच्या अंगठ्याला चोच मारली. शिदबाचं समाधान झालं.

रविवारी वकील उतारा बघायला म्हणून वाकले आणि कोंबडा उडून त्यांच्या खांद्यावर बसला. तिथून फायलीवर गेला. फायलीवर त्यानं जे केलं त्यानं दोन पानं बाद झाली.

“कागद पाहिजे होता, लेका, कागद!” आबा ओरडले. “गोल शिक्क्याचा कागद! आता ऐक. ज्याच्यावर शिक्का नाही ते या उंबऱ्याच्या आत येता कामा नये!”

शिदबानं मान डोलावली. ध्यानात ठेवलं.

या खेपेला आबांनी फोन स्वतः लावले आणि सातबारा वकिलांनीच काढून आणला. पुढच्या रविवारी गाड्या दारात लागल्या. हिंदुराव आले, त्यांचा मुलगा विक्रांत बायकोला आणि सात महिन्यांच्या लेकीला घेऊन आला, हौसाक्का आली. सगळ्या पिढ्या, आणि सगळ्या जिवंत. बारा वर्षांत आबांच्या दुखण्याखुपण्याला यांना कधी सवड झाली नव्हती. पण वाटणी म्हटल्यावर सवड कशी आपोआप होते.

उंबऱ्यात शिदबा हात आडवा लावून उभा होता.

“शिक्का दाखव,” तो म्हणाला.

“अरे, मी तुझा सख्खा भाऊ!” हिंदुराव म्हणाले.

“भाऊ आहेसच दादा. शिक्का कुठाय?”

“बाजूला हो शिदबा, ऊन केवढं लागतंय,” हौसाक्का म्हणाली.

शिदबाला वाईट वाटलं. ऊन खरंच कडक होतं. तो पळत समोरच्या दूध संस्थेत गेला आणि तिथला शिक्का घेऊन आला. कुणी काही म्हणायच्या आत त्यानं एकेकाच्या कपाळावर तो दाबला. हिंदुरावांच्या रुंद कपाळावर जांभळ्या शाईत छान उमटला. “दूध तपासले. पाणी आढळले नाही.” विक्रांतवर उमटला, त्याच्या बायकोवर उमटला. बाळाच्या तळपायावर हलक्या हातानं लावला. हौसाक्कानं तोंड फिरवलं, म्हणून तिच्या गालावर नुसतंच “पाणी आढळले” एवढं उमटलं.

“आता या,” शिदबा म्हणाला आणि बाजूला झाला.

हौसाक्का गाल चोळत त्याच्यावर तुटून पडली. “आल्यागेल्याला कुणी दारात अडवतं का? येईल त्याला हसून या म्हणावं. पाणी द्यावं, बसायला द्यावं. घर तुमचंच आहे, असं म्हणावं!”

शिदबानं मान डोलावली. ध्यानात ठेवलं.

सगळे कपाळ पुसत आत बसले. तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. शेतं घेऊन प्लॉट पाडणारा एक गृहस्थ उतरला. पांढरे बूट, गळ्यात चेन, हातात मोजमापाची टेप. शिदबा हसून पुढं झाला.

“या. बसा. पाणी घ्या. घर तुमचंच आहे.”

गृहस्थाला क्षणभर खरं वाटलं नाही. “माझंच?”

“तुमचंच.”

असा मालक त्याला आयुष्यात भेटला नव्हता. त्यानं पाणी संपवलं, टेप काढली आणि सोपा मोजायला घेतला. माजघर मोजलं. मग आबा बसले होते तो पलंग जरा बाजूला घ्यायला सांगितलं.

“तू कोण रे?” आबा म्हणाले.

“मला हिंदुराव साहेबांनी बोलावलंय. रस्त्याकडचं रान बघायला. पण इथं तर घरही देऊन टाकलं. मोठ्या मनाची माणसं!”

हिंदुराव छताकडं बघू लागले. छतावर काही नव्हतं.

“दादा,” हौसाक्का म्हणाली, “वाटण्या व्हायच्या आधीच गिऱ्हाईक?”

“तुझ्या नवऱ्यानंही मागच्या महिन्यात रान मोजून नेलंय, मला माहितीय!”

मग जे व्हायचं ते झालं. आवाज चढले. बाळ रडायला लागलं. प्लॉटवाला टेप गुंडाळून गेला. आबांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते शिदबाकडं वळले. “एक गोष्ट डोक्यात घट्ट बसव. या सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय या घरातलं काहीही, कुणालाही द्यायचं नाही! तांब्याभर पाणीसुद्धा नाही!”

शिदबानं मान डोलावली. ध्यानात ठेवलं.

एवढं ओरडल्यावर आबांना ठसका लागला. साधा नव्हे, चांगला जीवघेणा. चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. ते हातानं खुणा करत म्हणाले, “पा... पाणी...”

शिदबानं तांब्या भरून आणला आणि छातीशी धरून उभा राहिला.

“आधी सह्या,” तो म्हणाला.

“अरे दे त्यांना!” विक्रांतची बायको किंचाळली.

“सह्या झाल्या की लगेच देतो, सूनबाई. आबांचीच आज्ञा आहे.”

शिदबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बापाचे हाल त्याला बघवत नव्हते. पण सांगितलेलं मोडायचं कसं? तो कळवळून म्हणाला, “दादा, कर की लवकर सही!”

हिंदुरावांनी खिशातून पेन काढलं. मग ते थांबले. “सही नक्की कशावर करायची? कोरा कागद असेल तर मी करणार नाही.”

“दादानं केल्याशिवाय मीही करणार नाही,” हौसाक्का म्हणाली.

“मी आधी केली तर माझा हक्क जातो का हो वकीलसाहेब?” विक्रांतनं विचारलं.

आबा आता निळे पडू लागले होते. इंगवले वकिलांनी उठून शिदबाच्या हातातला तांब्या हिसकावला आणि आबांच्या तोंडाला लावला. आबांचा ठसका थांबला. त्यांनी सगळ्या पिढ्यांकडं एकदा नीट बघितलं. मग वकिलांना म्हणाले, “लिहा.”

रस्त्याकडचं रान हिंदुरावला. आईचे दागिने, तांब्यापितळेची भांडी आणि सागवानी पलंग हौसाक्काला. आबांचं चांदीचं कडं पणतीला. राहतं घर आणि पानमळा शिदबाला. हिंदुराव आणि हौसाक्काचं तोंड एकाच वेळी उघडलं. पण आबा म्हणाले, “ज्याला पसंत नसेल त्याचं नाव खोडतो.” तोंडं मिटली. पुढच्या आठवड्यात मृत्युपत्राची नोंदणीही झाली.

पाकीट कुणाकडं ठेवायचं यावर मात्र सगळ्यांचं चटकन एकमत झालं. हिंदुरावांचा हौसाक्कावर विश्वास नव्हता, तिचा त्यांच्यावर नव्हता. शिदबावर दोघांचाही होता. वकिलांनी पाकीट त्याच्या हातात दिलं आणि तांब्याची आठवण ठेवून एकेक शब्द तोलून सांगितलं. “आबा आहेत तोवर या पाकिटाकडं बघायचंसुद्धा नाही. आबा गेले, की लगेच सगळ्यांना फोन करायचा. पाकीट उघडायचं. लिहिलंय त्याप्रमाणे ज्याचं त्याला देऊन टाकायचं. एका दिवसाचाही उशीर करायचा नाही. कळलं?”

शिदबानं मान डोलावली. ध्यानात ठेवलं.

दोन महिने गेले. एक दिवस आबांनी बहिणीला भेटायला जायचं ठरवलं. बहीण लांब एका वाडीत राहायची. चार दिवसांचा मुक्काम होता. सकाळी सव्वानऊची एसटी. शिदबा पिशवी घेऊन थांब्यावर आला. गाडी भरून आली होती. आबा पायरीवर चढले आणि म्हणाले, “बरं शिदबा, येतो.”

शिदबा विचारात पडला. “येता कसं आबा? तुम्ही तर चाललाय.”

“तसंच म्हणतात रे. येतो.”

“म्हणजे येताय का जाताय?”

कंडक्टरनं घंटी मारली. मागचे लोक ढकलत होते. आबा वैतागले. “जातो, बाबा, जातो! गेलो! झालं समाधान?”

गाडी धुरळा उडवत गेली. शिदबा धुरळ्यात उभा राहिला. आबा गेले. स्वतःच्या तोंडानं सांगून गेले. चार दिवसांसाठी बहिणीकडं गेलेल्या माणसाचं सामान लगेच का वाटायचं, हे त्याला नीटसं कळलं नाही. पण वकील शिकलेला माणूस. काहीतरी कायदा असेल.

त्यानं हिंदुरावांना फोन लावला. “दादा, आबा गेले.”

“अरे देवा! कधी?”

“सव्वानऊला.”

“कशानं?”

“एसटीनं.”

हिंदुरावांना हुंदका फुटला. एसटीखाली! त्यांनी डोळे पुसले. मग घसा साफ करून विचारलं, “पाकीट तुझ्याकडंच आहे ना?”

हौसाक्कानं फोनवरच हंबरडा फोडला. “फार त्रास झाला का रे त्यांना?”

“झाला की. बसायला जागाच नव्हती. उभ्याउभ्याच गेले.”

“जाताना काही बोलले?”

“म्हशीला पेंड वेळेवर घाल म्हणाले.”

“आणि आता... आता कुठं आहेत?”

शिदबानं घड्याळात बघितलं. “आता पोचले असतील, आक्का.”

“पोचले असणारच!” हौसाक्का स्फुंदत म्हणाली. “असा पुण्यवान माणूस सरळ पोचणार!”

शिदबाला भरून आलं. आबा चार दिवस गावाला गेले तर यांना केवढं दुःख! उगाच आपण समजत होतो की यांचं आबांवर प्रेम नाही.

दुपारपर्यंत सगळे हजर झाले. अंत्ययात्रा कुठं, देह कुठं, हे विचारायचं त्या गडबडीत राहून गेलं. एसटीचा अपघात म्हणजे सगळं तिकडंच उरकलं असेल, असं जो तो धरून चालला. आबांच्या बहिणीला कळवायचंही राहून गेलं. पाकीट फोडायचं मात्र राहिलं नाही. शिदबानं वाचलं आणि ज्याचं त्याला दिलं. हौसाक्कानं पलंग टेम्पोत चढवला, भांडी मोजून घेतली, दागिने कमरेला खोचले. हिंदुरावांनी संध्याकाळच्या आत रानाला तारेचं कुंपण घातलं. बाळाच्या पायात ते चांदीचं कडं अडकवलं, ते गळून पडलं, ते विक्रांतनं खिशात टाकलं.

मग हिंदुराव शिदबाच्या खांद्यावर हात ठेवून मायेनं म्हणाले, “एवढ्या मोठ्या घराचं तू काय करणार? मला दे. मी सांभाळतो.”

“कागदात शिदबाला द्यावं असं आहे,” शिदबा म्हणाला. “मी मगाशीच मला दिलं.”

हिंदुरावांनी त्याला तीन प्रकारे समजावून बघितलं. शिदबानं तिन्ही वेळा कागद दाखवला.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. कोपऱ्यात आबा होते, मधोमध हिंदुराव होते. आबांना एसटीत चढताना अर्ध्या गावानं पाहिलं होतं. पण एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलेलं खोटं कसं असेल? आपलाच काहीतरी पाहण्यात घोटाळा झाला असणार, असं गावाला वाटलं.

पाचव्या दिवशी भर दुपारी आबा त्या फ्लेक्सखाली उतरले. वर बघितलं. थांब्यावरचे चौघे बाकडं सोडून पळाले. आबा तसेच तरातरा घरी आले. सोपा रिकामा. पलंग नाही. पितळी समई नाही. शिदबा म्हशीला पेंड घालत होता.

“माझा पलंग कुठाय?”

“आक्काला दिला.”

“रानाला तार कुणी घातली?”

“दादानं.”

“अरे, मग माझं काय?”

शिदबानं पाकिटातला कागद काढून वरपासून खालपर्यंत बघितला. “तुमच्या नावावर यात काहीच नाही, आबा.”

आबा मटकन जमिनीवर बसले. थोड्या वेळानं उठून त्यांनी अंगणात रागारागानं येरझाऱ्या घातल्या. “लाव फोन! सांग सगळ्यांना, आबा परत आलेत! ज्यानं जे नेलंय ते आज दिवस मावळायच्या आत परत आणा, नाहीतर मी स्वतः एकेकाच्या घरी येतो म्हणावं!”

शिदबानं फोन लावला आणि शब्दाला शब्द सांगितलं.

हिंदुरावांचा भुताखेतांवर मुळीच विश्वास नव्हता. ते विज्ञानावर भाषणं करायचे. त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, “शिदबा, पाय बघ. पाय कसे आहेत?”

शिदबानं बघितलं. आबांनी रागाच्या भरात डाव्या पायात उजवी चप्पल सरकवली होती. “उलटे आहेत दादा.”

फोन कट झाला.

दिवस मावळायच्या आत टेम्पो येऊन गेला. थांबला नाही. चालत्या गाडीतूनच दोन गड्यांनी सामान उतरवलं आणि पळ काढला. पलंग, भांडी, दागिन्यांचा डबा, चांदीचं कडं. रानावरची तार खांबांसकट उपटून अंगणात आणून टाकली होती. पलंगाला हौसाक्काची चिठ्ठी चिकटवली होती. “आबा, तुमचं सगळं परत केलं. आता कुठं अडकू नका. सुखानं जा.”

शिदबानं ती दोनदा वाचली. ध्यानात ठेवली.

सकाळी आबा म्हणाले, “शिदबा, मला तालुक्याला जायचंय.” शिदबा त्यांच्या आधी थांब्यावर पळाला. गाडी लागताच खिडकीतून टॉवेल टाकून त्यानं जागा धरली. आबांना आत बसवलं, पाठीशी पिशवी ठेवली, पाण्याची बाटली हातात दिली. गाडी सुटल्यावर त्यानं हौसाक्काला फोन केला. बिचारी काळजीत असेल.

“आक्का, तू लिहिलंस तसंच केलं. आबा सुखानं गेले. खिडकीजवळ जागा मिळाली.”

हौसाक्कानं मोठा श्वास सोडला. “सुटलो रे बाबा! आता परत नाही ना यायचे?”

“येतील की. वकिलांकडं मृत्युपत्र बदलायला गेलेत,” शिदबा म्हणाला. “दुपारी जेवायला तुझ्याकडंच थांबणार आहेत.”